इस्त्री किती वाजता करायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ज्यांनी नव्वदच्या दशकात एसटीडी बूथच्या रांगेत उभं राहून पाय दुखवून घेतले आहेत, त्यांना आजचा विषय समजायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. रात्रीचे अकरा वाजले की परगावच्या फोनचा दर एकदम पाव व्हायचा. दिवसभर ज्या पिवळ्या पाटीकडे कोणी ढुंकून बघत नसे, तिथे पावणेअकराला गर्दी जमू लागायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पत्नी माहेरी गेली होती, तेव्हा मीही त्या गर्दीत असायचो. बूथवाल्याच्या घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी असतील, तर पुढचा माणूस मागच्याला अदबीनं म्हणायचा, "तुम्ही करा आधी." इतकी सज्जनता मी नंतर कोणत्याच रांगेत पाहिली नाही.

तेव्हा कोणी याला मोठं नाव दिलं नव्हतं. पण ती वेळेनुसार दर आकारण्याचीच पद्धत होती. दिवसा तारा गच्च भरलेल्या, रात्री त्याच तारा रिकाम्या पडलेल्या. म्हणून रात्री स्वस्त. लोकांनी आपली वेळ बदलावी, यासाठी लावलेलं ते आमिष होतं. आता तेच आमिष विजेच्या मीटरमधून आपल्या घरात आलं आहे. फक्त घड्याळ उलटं झालं आहे. फोन रात्री स्वस्त होता, वीज दिवसा स्वस्त झाली आहे.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या घरी स्मार्ट मीटर बसला आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन आला. आपा घरी बसून शिवणकाम करतात. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. गल्लीत त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की हा मीटर जोरात पळतो. दुसऱ्या कोणीतरी सांगितलं होतं की दिवसा वीज अर्ध्या किमतीत मिळते. दोन्ही बातम्या एकाच ओट्यावर मिळाल्या होत्या. "तू शिकलेला आहेस, येऊन सांग," असा हुकूम झाला. माझं शिक्षण म्हणजे मराठी घेऊन बी.ए. आणि उरलेल्या आयुष्यात कविता. पण थोरल्या बहिणीपुढे असली सबब चालत नाही. मी बिल, वही आणि भाच्याचा मोबाइल घेऊन बसलो.

आधी, दिवसा वीज स्वस्त का, ते पाहू. विजेची एक खोड आहे. ती साठवून ठेवणं महाग पडतं. धान्य कणगीत राहतं, पाणी टाकीत राहतं. वीज मात्र ज्या क्षणी तयार होते, जवळजवळ त्याच क्षणी कुणीतरी वापरावी लागते. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात सौर वीज झपाट्यानं वाढली. दुपारी ऊन असतं, तेव्हा ती भरपूर येते आणि स्वस्तही पडते. पण सूर्य मावळतो त्याच सुमाराला घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, पंखे सुरू होतात. रमजानमध्ये इफ्तारची गडबडही त्याच वेळेची. म्हणजे स्वस्त वीज संपते आणि मागणी शिखरावर जाते. ही तफावत भरून काढायला कोळशाची, पाण्याची, बाहेरून विकत घेतलेली वीज लागते. कोळशाचा संच काही स्कूटर नव्हे, की बटण दाबलं आणि सुरू केला, बटण दाबलं आणि बंद केला. दुपारी तो मंद ठेवायचा आणि संध्याकाळी जोरात चालवायचा, यात पैसा जातो. ग्राहकानं थोडं काम संध्याकाळचं उचलून दुपारी नेलं, तर सगळ्यांचाच खर्च कमी होतो. त्यातला थोडा वाटा ग्राहकाला द्यायचा, ही यामागची कल्पना.

केंद्र सरकारनं जून 2023 मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून हे तत्त्व घरगुती ग्राहकांपर्यंत आणलं. शेती सोडून इतर ग्राहकांना, स्मार्ट मीटर बसल्यावर, वेळेनुसार दर लागावा असं त्यात ठरलं. उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा कमी आणि गर्दीच्या तासांत जास्त, अशी ती दुधारी रचना आहे. आपल्याकडे राज्य वीज नियामक आयोगाचा मार्च 2025 चा दरांचा आदेश काही दिवसांतच स्थगित झाला. जूनमध्ये फेरविचाराचा आदेश आला. त्यानुसार 1 जुलै 2025 पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांची सवलत सुरू झाली. पुढच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्यानं रुपयापर्यंत नेण्याचं जाहीर झालं. असे आदेश बदलतात, त्यांच्यावर अपिलं होतात. म्हणून वर्तमानपत्रातला किंवा माझ्या तोंडचा आकडा शेवटचा मानू नका. आपल्या हातातल्या बिलावर कोणत्या वेळेला किती युनिट आणि किती सवलत लिहिली आहे, ते वाचा. संध्याकाळच्या तासांना जादा आकार लावला आहे का, तेही वाचा. केंद्राच्या नियमात त्याला जागा आहे. आज नसला तरी उद्या येऊ शकतो.

एवढं सांगून झाल्यावर आपा म्हणाल्या, "ते सगळं ठीक. माझे किती वाचणार?"

मग आम्ही घरातली एकेक वस्तू वहीत लिहिली. हे काम प्रत्येकानं एकदा तरी करावं. बिलापेक्षा त्यातून जास्त कळतं. हिशेब सोपा आहे. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. आपांचं नोव्हेंबरचं बिल 212 युनिटचं होतं. त्याची अंदाजानं फोड अशी निघाली. फ्रिज 38. तीन जुने पंखे, प्रत्येकी 75 वॅटचे, दिवसाला सरासरी दहा तास, म्हणजे 67. गिझर 45. दिवे आणि टीव्ही 20. इस्त्री 18. शिलाई मशीनची मोटर 16. पाण्याची मोटर 8. आपांना वाटत होतं की मशीनच सगळी वीज खाते, कारण आवाज तीच करते. मशीनची मोटर साधारण शंभर वॅटची, सहा तास चालून अर्ध्या युनिटच्या जरा वर जाते. डोक्यावर निमूटपणे फिरणारे पंखे मात्र घरातले सर्वांत मोठे खाणारे निघाले.

आता यातलं दिवसा 9 ते 5 मध्ये काय जातं? मशीनचा बहुतेक वापर दिवसाच. फ्रिज चोवीस तास चालतो, त्याचा तिसरा हिस्सा. पंख्यांचाही साधारण तेवढाच. सगळे मिळून पन्नासेक युनिट. युनिटमागे 80 पैसे धरले तर 40 रुपये. हे चाळीस रुपये आपांना काहीही न बदलता, हात न हलवता मिळत होते. दिवसा घरी बसून काम करणाऱ्याला ही पद्धत लाभाची आहे, हे नक्की. विदर्भात दुपारभर कूलर चालवणाऱ्यालाही ती लाभेल. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत आणि घराला दिवसभर कुलूप, अशा कुटुंबाच्या हाती मात्र फ्रिजच्या सवलतीपलीकडे फारसं काही येणार नाही. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची गंमत तर विचारूच नका. ती दिवसा स्वस्तात चार्ज करावी म्हणावं, तर दिवसा ती मालकासोबत कचेरीत गेलेली असते.

पुढचा प्रश्न, उरलेल्यातलं काय हलवता येईल? गिझर नाही. नातवंडांच्या आंघोळी सकाळी सातच्या आत होतात, नऊनंतर आंघोळ घातली तर शाळा सुटेल. टीव्ही नाही, दिवे नाहीत, फ्रिज नाही. राहिल्या इस्त्री आणि पाण्याची मोटर. दोन्ही मिळून 26 युनिट. 26 गुणिले 80 पैसे, म्हणजे 20 रुपये 80 पैसे. महिन्याला.

मी वहीत आकडा लिहिला आणि जरा ओशाळलो. गल्लीत ज्याची "अर्धी किंमत" म्हणून चर्चा होती, ते हे वीस रुपये होते.

पण वही बंद करायच्या आधी आम्ही दुसरी एक बेरीज केली. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे असतात. पहिले 100 युनिट एका दरानं, 101 ते 300 त्याच्या दुपटीच्या आसपासच्या दरानं, पुढे आणखी चढे. दुसऱ्या टप्प्यातल्या एका युनिटला वहन आकार धरून दहा रुपयांच्या वर पडतात, वीज शुल्क वेगळं. म्हणजे आपांनी एक युनिट संध्याकाळचं दुपारी नेलं तर 80 पैसे वाचतात. तेच युनिट वापरलंच नाही तर दहा रुपयांपेक्षा जास्त वाचतात. बारा-तेरा युनिटं इकडून तिकडे हलवल्यावर जो लाभ होतो, तो एक युनिट टाळल्यावर होतो. घड्याळ बदलण्याच्या या सगळ्या चर्चेत ही गोष्ट कोणी मोठ्यानं सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

ते तीन जुने पंखे काढून सुमारे 30 वॅटचे नवे, बीएलडीसी मोटरचे पंखे लावले, तर 67 युनिटांचे 27 होतात. चाळीस युनिट वाचले. चारशेपेक्षा जास्त रुपये. वीस रुपये ऐंशी पैशांच्या शेजारी हा आकडा लिहून बघा. पंखा अडीच-तीन हजारांचा येतो, तिन्ही एकदम घेणं शिवणकामावर चालणाऱ्या घराला परवडत नाही. एक आधी घ्यावा, जिथे तो सर्वांत जास्त फिरतो तिथे लावावा. उन्हाळ्यात तो आणखी तास फिरतो, तेव्हा त्याचे पैसे आणखी लवकर वसूल होतात.

मग वेळेनुसार दर बिनकामाचा आहे का? तसं नाही. जिथे स्वस्त आणि महाग यांतला फरक मोठा असतो आणि हलवता येण्यासारखा वापरही मोठा असतो, तिथे तो खूप काही वाचवतो. पण जिथे फरक मोठा असतो, तिथे धोकाही मोठा असतो. आपल्याकडे हा फरक अजून लहान आहे. परदेशात लोकांना पुष्कळ योजनांतून निवड करावी लागते. उद्या आपल्यापुढेही तशा योजना आल्या तर काय बघायचं, हे तिथल्या दोन गोष्टींवरून शिकता येतं.

पहिली फ्रान्सची. तिथल्या सरकारी वीज कंपनीची 'टेम्पो' नावाची योजना आहे. तिच्यात वर्षाच्या दिवसांना रंग दिले आहेत. 300 दिवस निळे, 43 पांढरे, 22 तांबडे. उद्याचा रंग कोणता, हे आदल्या दिवशी कळतं. तांबडे दिवस ऐन थंडीत, नोव्हेंबर ते मार्चमध्ये येतात आणि शनिवार-रविवारी येत नाहीत. माझ्यासारख्याला ही कल्पना ऐकताच आवडते, पण रंगांमागचे आकडे कडक आहेत. फेब्रुवारी 2024 च्या दरपत्रकात निळ्या दिवशी रात्री युनिटला सुमारे 13 सेंट होते आणि तांबड्या दिवशी दिवसा सुमारे 76 सेंट. साध्या योजनेचा सपाट दर 25 सेंटच्या आसपास होता. म्हणजे वर्षातले 300 दिवस चांगली बचत आणि 22 दिवस तिप्पट भाव. ज्याच्या घरी लाकडाची शेगडी आहे, तो तांबड्या दिवशी विजेचा हीटर बंद ठेवून मजेत राहतो. ज्याच्याकडे विजेशिवाय ऊब नाही, किंवा घरात आजारी म्हातारं माणूस आहे, त्यानं या निळाईला भुलू नये. एवढं मात्र खरं की खेळ कठीण असला तरी नियम आधी सांगितलेले आहेत. तांबडे दिवस बावीस म्हणजे बावीस.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या टेक्सासची. तिथे ग्रिडी नावाची कंपनी महिन्याला 9 डॉलर 99 सेंट वर्गणी घ्यायची आणि वीज थेट घाऊक बाजाराच्या भावानं द्यायची. बाजार स्वस्त तर ग्राहकाला स्वस्त. बरेच महिने लोक खूष होते. फेब्रुवारी 2021 मध्ये बर्फाचं भयंकर वादळ आलं. गॅसच्या वाहिन्या गोठल्या, वीजकेंद्रं बंद पडली आणि घाऊक भाव वरच्या मर्यादेला, म्हणजे युनिटला 9 डॉलरवर जाऊन काही दिवस तिथेच राहिला. त्या वेळच्या हिशेबानं साडेसहाशे रुपयांच्या आसपास. एका युनिटला! कंपनीनंच आपल्या ग्राहकांना सांगितलं की दुसरीकडे जा. पण अशा वादळात नवा वीजवाला मिळणार कुठे? लोकांच्या नावावर काही दिवसांत हजारो डॉलरची बिलं चढली. बाहेर बर्फ असताना हीटर बंद करणं कोणाच्याच हाती नव्हतं. मार्चमध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळानं घरगुती ग्राहकांना असे घाऊक भावाचे करार विकण्यावर बंदी घातली.

दोन्ही ठिकाणी नाव 'बदलता दर' असंच. पण फ्रान्समध्ये तुम्हाला पैसे मिळतात ते वेळ बदलण्याचे. टेक्सासमध्ये मिळत होते ते जोखीम उचलण्याचे, आणि ही जोखीम आपण उचलतो आहोत हेच बहुतेकांना कळलं नव्हतं. तेव्हा अशी कोणतीही योजना समोर आली की विक्रेत्याला आधी स्वस्त दर विचारू नका. सर्वांत महाग दर विचारा. त्याला वरची मर्यादा आहे का, तो लागणार हे मला किती तास आधी कळेल, आणि नको झालं तर मला जुन्या दरावर परत येता येईल का, किती दिवसांत? याची उत्तरं कागदावर मिळत नसतील तर सपाट दर चांगला. महिन्याला थोडे जास्त जातील, रात्री झोप लागेल.

झोपेवरून पुन्हा आपांच्या घरी यायला हवं. कारण हिशेब माझ्या मते संपला होता, त्यांच्या मते नव्हता. इस्त्री दुपारी करावी, त्यातून महिन्याला चौदा रुपये चाळीस पैसे सुटतील, असं मी म्हटलं. आपा म्हणाल्या, "दुपारी कधी?" आणि बोटांवर दिवस मोजून दाखवला. पहाटे उठणं. सातपर्यंत मुलांचे डबे. मग नळाचं पाणी, स्वयंपाक. दहापासून मशीन. दीडला जेवण. दोन ते तीन त्या आडव्या होतात. तीनला पुन्हा मशीन, पाचला गिऱ्हाइकं, मग रात्रीचा स्वयंपाक, आणि सगळं आवरल्यावर रेडिओ लावून इस्त्री. "दोन ते तीन एवढाच तास माझा आहे," त्या म्हणाल्या. "तो चौदा रुपयांना घेतोस?"

मला उत्तर सुचलं नाही. नंतर आठवलं की हाच वाद एका आख्ख्या देशात होऊन गेला आहे. स्पेनमध्ये 1 जून 2021 पासून घरगुती विजेचे दिवसाचे तीन भाग झाले. सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी 6 ते 10 महाग, मध्यरात्रीनंतर सकाळी आठपर्यंत आणि शनिवार-रविवारी स्वस्त. लगेच थट्टा सुरू झाली की आता मध्यरात्री उठून इस्त्री करायची का? तेव्हाच्या उपपंतप्रधान कार्मेन काल्व्हो यांनी, प्रश्न इस्त्री किती वाजता करायची हा नसून ती कोण करतं हा आहे, अशा अर्थाचं उत्तर दिलं होतं. त्या उत्तरावरही लोक रागावले, कारण त्यानं बिल कमी होत नव्हतं. पण बोलल्या त्या खोटं नव्हतं. वेळ हलवा, असं दरपत्रक सांगतं. कोणाची वेळ, ते लिहीत नाही. बहुतेक घरांत ती बाईची असते. म्हणून अशी योजना निवडताना घरातल्या कर्त्या पुरुषानं एकट्यानं आकडेमोड करू नये. ज्या हातांना काम हलवावं लागणार आहे, त्यांना आधी विचारावं. मी ते शेवटी विचारलं, हे कबूल करतो.

शेवटी ठरलं ते असं. पाण्याची मोटर भाचा सकाळी साडेआठला लावायचा, तो आता नळ गेल्यावर, साडेनऊला कामावर निघता निघता लावतो. त्याला अर्धा तास उशिरा निघून चालतं. शिवून झालेल्या कपड्यांना मधूनमधून इस्त्री लागतेच, ती आपा मशीनवरून उठून तेव्हाच्या तेव्हा फिरवतात. घरच्या कपड्यांची इस्त्री रात्री रेडिओसोबतच राहिली. बैठकीच्या खोलीत, मशीनच्या डोक्यावर, एक नवा पंखा आला. तो इतका हळू आवाजात फिरतो की पहिले दोन दिवस आपा मान वर करून तो चालू आहे ना, ते बघत होत्या. पुढच्या महिन्याच्या बिलाचा फोटो भाच्यानं मला पाठवला. खाली आपांचा निरोप होता, की दुसऱ्या पंख्यासाठी भिशीत नाव घातलं आहे आणि दोन ते तीन फोन करू नकोस.